प्रोटॉन काही मायक्रोरेडियन वळला, हे कळतं कसं?

प्रश्न भुसावळच्या एका एमएस्सीच्या विद्यार्थ्याचा आहे. थोडक्यात असा: "एलएचसीमध्ये, म्हणजे जिनिव्हाजवळच्या प्रोटॉन-टकरींच्या कड्याच्या आकाराच्या प्रवेगकात, दोन प्रोटॉन एकमेकांना घासून, न फुटता, किंचित वळून निघून जातात. हा कोन काही मायक्रोरेडियनचा असतो. तिथे डिटेक्टर ठेवावा तर मूळ बीमच त्या जागेतून जातो. मग एकूण क्रॉस-सेक्शन (टक्कर होण्याच्या शक्यतेचं माप, क्षेत्रफळाच्या एककात) ११०.६ मिलीबार्न, हे इतक्या ठामपणे कशावरून सांगतात? दुसरा प्रयोग १०४.७ सांगतो, तर बरोबर कोण? आणि यातलं काही प्रोजेक्ट म्हणून इथे बसून करता येईल का?"

प्रश्न चांगला आहे, पण यात डिटेक्टरला वाजवीपेक्षा जास्त महत्त्व दिलं गेलंय. इलास्टिक स्कॅटरिंगमध्ये, म्हणजे प्रोटॉन न फुटता नुसते वळतात तेव्हा, डिटेक्टर फक्त एक जागा सांगतो: प्रोटॉन बीमच्या मध्यापासून इतके मिलिमीटर दूर गेला. मिलिमीटरचा कोन होतो तो प्रवेगकाच्या चुंबकांमुळे, आणि कोनाचा मिलीबार्न होतो तो मोजणीच्या एकूण हिशेबामुळे. अडचणी आणि चुका बहुतेक या दोन ठिकाणी असतात. म्हणून त्याच क्रमाने जातो.

आधी कोन किती लहान आहे ते पाहू. एलएचसीच्या कड्याचा घेर २६.७ किलोमीटर, म्हणजे साधारण जळगाव ते भुसावळ अंतर. जळगावहून भुसावळकडे रोखलेली सरळ रेषा १० मायक्रोरेडियनने वळवली, तर भुसावळला पोचेपर्यंत ती जेमतेम २५ सेंटिमीटर सरकेल. आपल्याला मोजायचे कोन या मापाचे आहेत.

भौतिकशास्त्रात कोनाऐवजी टी वापरतात, म्हणजे संवेगाच्या देवाणघेवाणीचा वर्ग. लहान कोनासाठी |टी| म्हणजे (संवेग × कोन) याचा वर्ग. प्रोटॉनची ऊर्जा ६.५ टीईव्ही असेल (१ टीईव्ही म्हणजे १००० जीईव्ही, ही कणांच्या ऊर्जेची एककं), तर |टी| = ०.०१ जीईव्ही वर्ग म्हणजे कोन १५.४ मायक्रोरेडियन. १३ टीईव्हीच्या टकरींमध्ये |टी| नुसार घटनांच्या वितरणात जो खळगा दिसतो, तो |टी| ०.४७ च्या आसपास आहे, म्हणजे सुमारे १०५ मायक्रोरेडियन. खळगा पाहणं त्यामानाने सोपं. एकूण क्रॉस-सेक्शनसाठी मात्र |टी| शून्याकडे जावं लागतं आणि खरी लढाई तिथे आहे.

पहिली अडचण डिटेक्टर ठेवण्याच्या आधीच येते. बीममधले प्रोटॉन टकरीपूर्वीच पूर्ण समांतर नसतात. त्यांचा स्वतःचा कोनीय पसारा म्हणजे (एमिटन्स ÷ बीटा-स्टार) याचं वर्गमूळ. एमिटन्स हे बीमची रुंदी आणि कोनीय पसारा यांचं एकत्रित माप. बीटा-स्टार हे टकरीच्या ठिकाणी बीम किती आवळला आहे त्याचं माप. सामान्यीकृत एमिटन्स २ मायक्रोमीटर-रेडियन धरा. ६.५ टीईव्हीला लोरेन्ट्झ गामा (ऊर्जा ÷ प्रोटॉनच्या वस्तुमानाची ऊर्जा) सुमारे ६९३०, त्याने भागून भौमितिक एमिटन्स २.९ गुणिले १० चा उणे दहावा घात मीटर-रेडियन. २०१६ च्या नेहमीच्या टकरींत बीटा-स्टार ०.४ मीटर होता. तिथे बीम ११ मायक्रोमीटरपर्यंत आवळला जातो, पण पसारा २७ मायक्रोरेडियन होतो. म्हणजे १५ मायक्रोरेडियनचा कोन बीमच्या स्वतःच्या पसाऱ्यात बुडून जातो. तिथे जगातला कितीही उत्तम सेन्सर लावा, उपयोग शून्य.

म्हणून उलटं करतात, बीम मुद्दाम सैल सोडतात. बीटा-स्टार ९० मीटर केला की टकरीच्या ठिकाणी बीम १६० मायक्रोमीटर रुंद होतो आणि पसारा १.८ मायक्रोरेडियनवर येतो. २०१६ मध्ये तर २.५ किलोमीटरच्या बीटा-स्टारवर १३ टीईव्हीचा डेटा घेतला. तिथे वरच्याच एमिटन्सने पसारा ०.३४ मायक्रोरेडियन निघतो. किंमत अर्थातच टकरींच्या दरात मोजावी लागते. हिग्जसारख्या दुर्मीळ गोष्टी शोधणाऱ्यांना असल्या बीमचा काही उपयोग नाही, म्हणून या मोजणीसाठी वर्षातून मोजके दिवस वेगळे काढावे लागतात.

दुसरी गोष्ट चुंबकांची. टकरीपासून २२० मीटरवर प्रोटॉनची उभी जागा दोन पदांची बेरीज असते: परिणामी लांबी × कोन, अधिक वर्धन × टकरीची जागा. परिणामी लांबी म्हणजे कोनाचं अंतरात रूपांतर करणारा आकडा, वर्धन म्हणजे टकरीची जागा किती पट होऊन दिसते ते. टक्कर नेमकी कुठे झाली ते प्रत्येक वेळी माहीत नसतं, म्हणून दुसरं पद त्रासदायक. ९० मीटर बीटा-स्टारच्या ऑप्टिक्समध्ये, म्हणजे चुंबकांच्या मांडणीत, चौध्रुवी चुंबकांचे प्रवाह असे जुळवतात की २२० मीटरवर उभ्या दिशेचं वर्धन जवळजवळ शून्य होतं आणि परिणामी लांबी सुमारे २६३ मीटर राहते. मग एकाच कोनाने निघालेले सगळे प्रोटॉन, टक्कर कुठेही झाली असो, एकाच उंचीवर येतात. १५.४ मायक्रोरेडियन × २६३ मीटर म्हणजे ४ मिलिमीटर. आता हे मोजता येण्यासारखं झालं.

आडव्या दिशेला गोष्ट वेगळी. त्याच ठिकाणी आडवी परिणामी लांबी शून्याजवळ असते, म्हणून आडवी जागा कोनाबद्दल फार काही सांगत नाही, ती टकरीची जागा सांगते. आडवा कोन काढायचा तर काही मीटर अंतरावरच्या दोन डिटेक्टरांमधला उतार मोजावा लागतो. त्यामुळे आडव्या कोनाची अचूकता उभ्यापेक्षा कमी असते. टी दोन्ही कोनांपासून बनतो, हे विश्लेषण करताना विसरू नका.

आता तुमचा मूळ प्रश्न, बीमच्या इतक्या जवळ डिटेक्टर ठेवायचा कसा. उत्तर आहे रोमन पॉट. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला सर्न प्रयोगशाळेच्या आयएसआर या प्रवेगकावर रोमच्या गटाबरोबर हे तंत्र प्रथम वापरलं गेलं, नाव त्यावरून. बीमच्या नळीला लवचिक घडीच्या धातूच्या नळकांड्याने जोडलेलं एक डबडं असतं, पातळ खिडकीचं. डिटेक्टर डबड्याच्या आत, वेगळ्या व्हॅक्यूममध्ये असतो, त्यामुळे यंत्राचा मुख्य व्हॅक्यूम बिघडत नाही. बीम भरताना आणि ऊर्जा चढवताना बीम रुंद व अस्थिर असतो, तेव्हा पॉट मागे. बीम स्थिर झाला की मोटरने पुढे सरकवतात. प्रत्येक ठिकाणी एक वरून येतो, एक खालून, आणि टोटेममध्ये एक आडवाही असतो.

टोटेम प्रयोग सीएमएसच्या दोन्ही बाजूंना आहे. त्याच्या प्रत्येक पॉटमध्ये सिलिकॉन पट्ट्यांचे १० थर, पट्ट्या ४५ अंशात तिरक्या, दोन पट्ट्यांतलं अंतर ६६ मायक्रोमीटर. साध्या सिलिकॉन सेन्सरची कड मिलिमीटरभर आंधळी असते आणि इथे तो मिलिमीटरच सगळ्यात मोलाचा. म्हणून खास कडेचे सेन्सर बनवले, त्यांची आंधळी कड सुमारे ५० मायक्रोमीटर. ॲटलासच्या बाजूला ॲल्फा नावाचा प्रयोग २४० मीटरच्या आसपास आहे. तिथे सिलिकॉनऐवजी अर्धा मिलिमीटर जाडीचे चौकोनी प्रकाश देणारे तंतू, एकावर एक थोडे सरकवून रचलेले, आणि अचूकता ३० मायक्रोमीटरच्या घरात.

किती जवळ जायचं हे परिस्थितीवर अवलंबून आहे. वर्धन शून्य असल्यावर पॉटजवळ बीमची उभी रुंदी म्हणजे २६३ मीटर × १.८ मायक्रोरेडियन, सुमारे ०.४७ मिलिमीटर. पाच सिग्मावर, म्हणजे या रुंदीच्या पाचपट अंतरावर, गेलात तर २.४ मिलिमीटर. त्यात खिडकीची जाडी, मधली पोकळी आणि आंधळी कड यांचा समजा अर्धा मिलिमीटर मिळवा, म्हणजे २.९. हा ११ मायक्रोरेडियनचा कोन, |टी| ०.००५. प्रत्यक्षात फिट ०.०१ च्या आसपास सुरू करतात, कारण अगदी कडेवर पसाऱ्यामुळे घटना आत-बाहेर होतात आणि दुरुस्ती भरवशाची राहत नाही.

जवळ जाण्यातला धोका बीमच्या भोवतीच्या विरळ प्रभेचा, म्हणजे बीमपासून भरकटलेल्या प्रोटॉनांचा. मोठ्या बीटा-स्टारच्या मोजणीत पॉट तीन सिग्मापर्यंत नेले, तेव्हा आधी कोलिमेटर (बीमची कड कापणारे ठोकळे) दोन सिग्मापर्यंत आणून बीमची कड खरवडली, मग ते थोडे मागे घेऊन डेटा घेतला. प्रभा हळूहळू पुन्हा भरते. पार्श्वभूमी चढली की डेटा थांबवून पुन्हा खरवडायचं. हे न करता फक्त ट्रिगरचा, म्हणजे घटना नोंदवा असं सांगणाऱ्या इशाऱ्यांचा, दर पाहत बसलं, तर डिस्क भरते आणि हाती प्रभाच येते.

पॉट जागेवर आला, पुढे अलाइनमेंट. मोटरचा आकडा सांगतो पॉट कुठे आहे, पण बीम कुठे आहे ते सांगत नाही. म्हणून तीन पायऱ्या असतात. कोलिमेटरने बीमला धारदार कड पाडायची आणि पॉट १० मायक्रोमीटरच्या टप्प्यांनी पुढे सरकवत राहायचं. कडेला स्पर्श होताच बीमची गळती मोजणारे डिटेक्टर उसळी दाखवतात. मग वरचा, खालचा आणि आडवा पॉट जिथे एकमेकांवर येतात, तिथून गेलेल्या प्रोटॉनच्या मार्गांवरून त्यांची आपसातली जागा ठरवायची. शेवटी खुद्द इलास्टिक घटना: निसर्गाला वर-खाली फरक नाही, म्हणून वितरण मध्याभोवती सममित असलंच पाहिजे. एवढं करूनही उभ्या दिशेत ०.१ मिलिमीटरची चूक राहिली, तर कोनात ०.३८ मायक्रोरेडियन आणि |टी| ०.०१ जवळ ५ टक्के. सुदैवाने डावा-वर उजवा-खाली आणि डावा-खाली उजवा-वर अशा दोन कर्णांत ही चूक विरुद्ध चिन्हाने येते. म्हणून दोन्ही कर्णांची वितरणं आधी वेगवेगळी काढा आणि एकमेकांवर ठेवून पाहा. आधीच बेरीज करून टाकली, तर चूक दिसणारच नाही.

घटना निवडणं तुलनेने सरळ आहे. इलास्टिकमध्ये दोन्ही प्रोटॉन अगदी विरुद्ध दिशांना जातात, म्हणून डावा कोन आणि उजवा कोन जुळले पाहिजेत. फरकाचा पसारा फक्त बीममुळे असेल, तर तो १.८ चा वर्गमूळ दोन पट, म्हणजे सुमारे २.५ मायक्रोरेडियन. उभ्या दिशेत हा आकडा डेटातून येतो आणि तोच बीमचा खरा पसारा सांगतो. कागदावरच्या एमिटन्सवर विसंबू नका.

नंतर स्वीकार्यता, म्हणजे घटनांचा किती भाग डिटेक्टरवर पडतो. वर-खाली पॉट असल्याने पूर्ण वर्तुळ दिसत नाही. ११ मायक्रोरेडियनची कड असेल, तर १५.४ च्या वर्तुळाचा निम्माच भाग डिटेक्टरवर पडतो. दुरुस्ती शुद्ध भूमितीची, जवळपास दोन पट. मात्र कड ५० मायक्रोमीटर चुकली तर ही दुरुस्तीही हलते. डिटेक्टरची कार्यक्षमता वेगळी तपासायची, आणि त्यात एक फसवी जागा आहे. जवळच्या पॉटमध्ये प्रोटॉनने कणांचा सडा उडवला, तर तो मागच्या पॉटवरही पडतो आणि दोन्ही एकदम आंधळे होतात. दोन्हींची अकार्यक्षमता स्वतंत्र मानून गुणाकार केला तर उत्तर चुकतं.

इथवरचं एका ओळीत: सैल बीमने पसारा कमी, चुंबकांनी कोनाचे मिलिमीटर, पॉटने मिलिमीटरची नोंद, सममितीने मध्य. आता मिलीबार्नकडे.

ऑप्टिकल प्रमेय सांगतं की एकूण क्रॉस-सेक्शनचा वर्ग हा |टी| = ० वरच्या इलास्टिक वितरणाच्या प्रमाणात असतो. आकडे घालून पाहा. एकूण ११०.६ मिलीबार्न आणि ऱ्हो (त्याबद्दल पुढे) ०.१ धरला, तर शून्यावरचं मूल्य सुमारे ६३१ मिलीबार्न प्रति जीईव्ही वर्ग. त्याला उतार बी (|टी| वाढताना घटना किती वेगाने घटतात त्याचं माप) = २०.४ ने भागलं तर ३१ मिलीबार्न, म्हणजे एकूण इलास्टिक. टोटेमने १३ टीईव्हीला हाच आकडा दिला आहे, ३१.० ± १.७. हिशेब आतून जुळतो.

पण शून्यावर कुणी मोजू शकत नाही. तिथे ०.०१ पासून मागे जावं लागतं, आणि बी २०.४ असताना जवळपास साडेअठरा टक्के इलास्टिक घटना त्या न दिसणाऱ्या तुकड्यात असतात. मागे जायचं ते कोणत्या वक्राने, हा निवडीचा भाग. साधा घातांकी वक्र लहान पट्ट्यात चालून जातो. पण ८ टीईव्हीच्या भरपूर डेटावर टोटेमने दाखवलं की तो पूर्ण बसत नाही, सात सिग्माहून जास्त खात्रीने. म्हणून घातांकात टी वर्गाचं पद ठेवून आणि न ठेवता, दोन्ही उत्तरं द्या.

आता ११०.६ आणि १०४.७. टोटेमने इलास्टिक आणि इनइलास्टिक (ज्यात प्रोटॉन फुटतो) दोन्ही घटना एकाच वेळी मोजल्या आणि प्रमेय असं मांडलं की ल्युमिनॉसिटी, म्हणजे टकरींची एकूण संधी, समीकरणातून निघूनच जाते. त्यात कमकुवत कडी इनइलास्टिक मोजणीची. प्रोटॉन हलकासा फुटला तर तुकडे बीमच्या नळीतच निघून जातात, पुढच्या दिशेच्या डिटेक्टरांना दिसत नाहीत, आणि त्यांची भरपाई मॉडेलने करावी लागते. ॲल्फाने फक्त इलास्टिक घटना आणि ॲटलासने वेगळी मोजलेली ल्युमिनॉसिटी वापरली. तिथे इनइलास्टिकची अडचण नाही, पण ल्युमिनॉसिटीतली चूक सरळ आत येते. वर्गमूळ असल्याने ती निम्मी होते, हा त्या पद्धतीचा फायदा.

चुंबकांतली चूकही दोन्हीकडे वेगळी वागते. परिणामी लांबी १ टक्का चुकली तर टी २ टक्के चुकतो. टोटेमच्या पद्धतीत उत्तर जवळपास २ टक्के हलतं, म्हणजे दोनेक मिलीबार्न. ल्युमिनॉसिटीच्या पद्धतीत १ टक्का. म्हणून चुंबकांचे प्रवाह मोजून भागत नाही. इलास्टिक प्रोटॉनच्या जागा आणि उतार यांच्या परस्परसंबंधातून ऑप्टिक्स पुन्हा बसवावं लागतं.

टोटेमचं उत्तर ११०.६ ± ३.४, ॲल्फाचं १०४.७ ± १.१. फरक ५.९, एकत्रित चूक ३.६. म्हणजे दीड सिग्माहून थोडं जास्त. टोटेमने नंतर कूलोंब भागावरून (अगदी लहान |टी|, जिथे विद्युत बल जाणवतं) वेगळ्या रीतीने मोजून दोन्ही एकत्र केले, तेव्हा ११०.५ ± २.४ आलं, आणि फरक सव्वादोन सिग्माकडे गेला. एकाला खोटं ठरवावं इतकं हे नाही, दुर्लक्ष करावं इतकं लहानही नाही. अमेरिकेतल्या टेव्हाट्रॉन प्रवेगकावर १.८ टीईव्हीला दोन प्रयोगांचं असंच झालं होतं: ई७१० ने ७२.८ ± ३.१ सांगितलं, सीडीएफने ८०.०३ ± २.२४. माझं मत असं की अशा जागी सरासरी काढून पुढे जाऊ नये. दोन्ही आकडे शेजारी ठेवावेत आणि कोणती दुरुस्ती दोन्हींत समान नाही ते पाहावं.

ऱ्होबद्दल थोडक्यात. तो म्हणजे पुढच्या दिशेच्या (शून्य कोनाच्या) स्कॅटरिंग-आयामाच्या वास्तव आणि काल्पनिक भागांचं गुणोत्तर. तो विद्युत बल आणि केंद्रकीय बल यांच्या व्यतिकरणातून मिळतो, आणि दोन्ही बरोबरीचे होतात ते |टी| ०.०००६५ च्या आसपास. म्हणूनच २.५ किलोमीटरचा खटाटोप. तिथे टोटेम ०.०००८ पर्यंत पोचला आणि ऱ्हो ०.०९ ते ०.१० आला, ॲल्फाला ०.०९८. इथे सावधगिरीचा इतिहास आहे. १९८७ मध्ये सर्नच्या यूए४ प्रयोगाने ०.२४ ± ०.०४ दिला होता आणि त्यावर बरंच सिद्धांतकार्य उभं राहिलं. १९९३ मध्ये यूए४/२ ने नीट मोजला तेव्हा तो ०.१३५ ± ०.०१५ निघाला.

आता तुमचा प्रोजेक्ट. प्रकाशित वितरणांचे तक्ते हेपडेटा या संग्रहात मोफत आहेत. पण मी आधी ते घेऊ नका असं म्हणेन. आधी साध्या लॅपटॉपवर, पायथनमध्ये, स्वतःचा छोटा प्रयोग तयार करा. दहा लाख घटना, |टी| घातांकी, बी २०.४, दिशा यादृच्छिक. डाव्या आणि उजव्या कोनांत स्वतंत्रपणे १.८ मायक्रोरेडियनचा गाउसी पसारा घाला. उभ्या कोनाला २६३ ने गुणा, २.९ मिलिमीटरच्या आतलं टाकून द्या, स्वीकार्यतेची दुरुस्ती करा आणि ०.०१ ते ०.२ मध्ये फिट करा. बी परत २०.४ येईपर्यंत पुढे जाऊ नका. आला की एकेक चूक मुद्दाम घाला: परिणामी लांबी १ टक्का, नंतर मध्य ०.१ मिलिमीटर, नंतर दोन्ही. प्रत्येक वेळी बी आणि शून्यावरचं मूल्य किती हललं त्याचा तक्ता करा. जळगावच्या विद्यापीठात सेमिनार द्यायचा असेल, तर हा तक्ता जास्त बोलेल.

सोबत हाताने काही करायचं असेल तर पंख्याच्या रिवाइंडिंगच्या दुकानातून ३६ गेजची तांब्याची तार वीतभर आणा. जाडी सुमारे ०.१९ मिलिमीटर, स्क्रू गेजने स्वतः मोजा, वरच्या इनॅमलसकट. ६५० नॅनोमीटरच्या लाल लेझरसमोर ताणून धरा आणि पाच मीटरवर भिंतीवर आकृती पाडा. पहिला काळा पट्टा मध्यापासून सुमारे १७ मिलिमीटरवर येईल. मधला झगझगीत ठिपका काळ्या कागदाने झाका, म्हणजे तुम्हाला फक्त बाहेरचा भाग मिळेल, पॉटला मिळतो तसा. आता डाव्या-उजव्या पट्ट्यांच्या सममितीवरून मध्य काढा आणि पट्ट्यांच्या अंतरावरून तारेची जाडी. ती स्क्रू गेजशी जुळली नाही, तर आधी भिंतीपर्यंतचं अंतर पुन्हा मोजा, मग लेझरची तरंगलांबी तपासा. स्वस्त पॉइंटरवर छापलेला आकडा आणि प्रत्यक्ष तरंगलांबी यांत १० नॅनोमीटरचा फरक सहज असतो, म्हणून ती आधी कॉलेजच्या ग्रेटिंगने मोजून घ्या.